रामराम केलेला चष्मा अजून नाकावरच आहे

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला मोतीबिंदूच्या लेन्सवरचा लेख वाचला. चष्मा लावून वाचला, हे आधीच सांगतो. 'जवळचं लांबचं सगळं लख्ख, चष्म्याला रामराम' असं हेडिंग देण्याआधी एखाद्या पेशंटला विचारलं तरी होतं का?

मला दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स, बसवून दोन वर्षं झाली. दिवसा मोबाईल, टीव्ही, रस्त्यावरच्या पाट्या सगळं दिसतं, खोटं कशाला बोलू. पण रात्री गाडी काढली की समोरच्या प्रत्येक हेडलाइटभोवती कडीच कडी, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, आणि त्यातून सायकलवाला नक्की कुठे आहे ते शोधत बसायचं. डॉक्टर म्हणाले मेंदूला हळूहळू सवय होते. बऱ्याच जणांना होतेही म्हणे, माझ्या मेंदूला बहुतेक निरोप पोचला नाही.

ऑपरेशनच्या आधी शुगर विचारली, बीपी विचारलं, पण रात्री गाडी चालवता का हे कोणीच विचारलं नाही. ही लेन्स आत येणारा उजेड जवळच्यासाठी आणि लांबच्यासाठी वाटून टाकते, डोळ्यातल्या मूळ भिंगासारखा आकार बदलत नाही, त्यामुळे उजेड कमी असला की गोळ्यांच्या पट्टीवरची एक्स्पायरी काही केल्या लागत नाही, हे सगळं मला नंतर कळलं. बायकोने साधी मोनोफोकल घेतली, लांबचं स्वच्छ, वाचायला चष्मा, विषय संपला. आता रात्री गाडी तीच चालवते आणि मी शेजारी बसून सूचना देतो, ज्या तिला आवडत नाहीत.

आणि तुमच्या लेखात १९४९ साली लंडनमध्ये रिडली नावाच्या डॉक्टरने पहिली लेन्स बसवली, विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात कसे निमूट राहिले, याला अर्धा कॉलम. वाचायला मजा आली, नाही असं नाही. पण काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर मल्टिफोकल घेण्याआधी दहादा विचार करा, ही एक ओळ मावली नाही का हो?

जाता जाता, शब्दकोडं हल्ली करड्या रंगावर बारीक टायपात छापायची आयडिया कोणाची? रविवारचं उभं ७ अजून अडलंय. उत्तर येत नाही म्हणून नाही, सूचनाच वाचता येत नाही म्हणून.

आपला,
एक जुना वाचक (चष्म्यासकट)