साडेअठरा रुपयांचा हिशेब

ता. औंढा नागनाथ,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

तिळगूळ घे. दिवाळीत तू ताटावरून तणतणत उठलास ते आई अजून काढते. फोनवर आपलं भांडण वाढतं, म्हणून पत्र.

तुझं म्हणणं होतं की आपल्याकडच्या अडाणी लोकांना विज्ञानावरचा खर्च कळत नाही, अन् शाळेतला नागरिकशास्त्राचा तास काढून विज्ञानाला द्यावा. लेका, तो तास आहे कुठं? आठवीपर्यंत हा विषय इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखा मागं लावलेला. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात येतात, "घेऊ का तुमचा तास?" अन् मी खडू देऊन मोकळा होतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार, हे पोरांना तोंडपाठ. प्रत्यक्ष बघितलेला वर्गात एकच, तोही तिथं चहा वाटायला गेलेला.

पण सहामाहीनंतर एक गंमत झाली. लायगो, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायचं २,६०० कोटींचं यंत्र, आपल्याकडं व्हायचंय, त्या जागेकडून पायी येणारी एक पोरगी आहे आठवीत. तिनं मध्येच विचारलं, "सर, त्या २,६०० कोटीत आपल्या शाळेचे पत्रे किती वेळा बदलतील?" पत्र्यांचा अंदाज चार लाखांचा, तो साऱ्या गावाला माहीत. फळ्यावर भागाकार मांडला. पासष्ट हजार वेळा! वर्ग खदखदून हसला. मला मात्र तू आठवलास. तुझ्या हिशेबानं हीच ना अडाणी शंका?

मी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, हे पैसे द्यायचं ठरवलं कोणी? एक म्हणाला कलेक्टरनं, एक म्हणाला अमेरिकेनं. मग दोन तास त्यातच गेले. २०१६ साली तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, पैसा अणुऊर्जा अन् विज्ञान-तंत्रज्ञान खात्यांचा, अन् खात्याला खर्च करायचा तर संसदेची परवानगी लागते. लोकसंख्या १४० कोटी धरून माणशी किती ते काढलं. साडेअठरा रुपये. "माझा बाप टॅक्स भरत नाही," एक पोरगं बोललं. घरात साबण कोण विकत आणतं, म्हटलं. पोरगं गप्प झालं. ती पोरगी नाही झाली. "मग माझे साडेअठरा कशाला घेतले ते मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

आपले आजे निजामाची रयत होते, सुध्या. सरकारला असा जाब विचारायची सोय नव्हती त्यांना. त्यांच्या पणतीच्या वयाची पोर विचारते अन् तुला त्यात विज्ञानाचा द्वेष दिसतो? मला तर माझ्या वीस वर्षांच्या नोकरीतलं नागरिकशास्त्राचं पहिलं खरं उत्तर ते वाटलं, आलं ते प्रश्नाच्या रूपात एवढंच.

मग मी तुझीच बाजू मांडली, भरपूर मांडली. अमेरिकेत या यंत्राला मंजुरी १९९० मध्ये. २००२ ते २०१० ऐकत बसले, हाती काहीही नाही. यंत्र सुधारलं, अन् १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली. यंत्राच्या चार किलोमीटर लांब भुजेत प्रोटॉनच्या जवळपास हजाराव्या हिश्शाएवढा फरक, तो मोजला. दोन वर्षांनी नोबेल. पोरं ऐकत होती, पण त्यांना पटकन भिडलं ते वेगळंच: आठ वर्षं काहीच सापडलं नाही तरी कोणी मारलं कसं नाही?

आता आमची प्रयोगशाळा सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्चएंडला पैसे आले, तीन कोटेशनं, चार दिवसांत खरेदी. काचसामान कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या कमरेला. फुटलं तर ऑडिटला काय दाखवायचं? चंचुपात्र स्टॉक रजिस्टरात जिवंत, पोरांसाठी मेलेलं. तुझ्याकडं तरी दुसरं काय आहे? तुझ्या विद्यार्थ्यांची फेलोशिप पाच-पाच महिने रखडते, अन् पैसे खर्चल्याचं विनियोग प्रमाणपत्र मात्र त्याच तारखेला पाहिजे! प्रयोग फसला असं लिहायला रकाना ना तुमच्या फॉर्मात, ना आमच्या रजिस्टरात. खर्च झाला का एवढंच विचारायची आपली रीत. कशासाठी झाला हे विचारलं की विचारणारा अडाणी.

अन् अमेरिकेचं कौतुक ऐकवू नकोस. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं लायगोला पैसा पुरवणाऱ्या विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशात निम्म्याहून जास्त कपात सुचवली, दोनपैकी एक लायगो बंद करा म्हणून. म्हणजे नोबेलनंही संरक्षण मिळत नाही. ते देणार कोण, ज्यांचे पैसे आहेत तेच ना? त्यांना आधी माहीत तर पाहिजे.

एक जुनं खुपलेलं सांगतो, राग धरू नकोस. २०२३ मध्ये केंद्राच्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली तेव्हा १,८०० वर वैज्ञानिकांनी अन् शिक्षकांनी सह्या केल्या. ते निवेदन तू मला दोनदा पाठवलंस. त्याच इयत्तेच्या राज्यशास्त्रातून लोकशाहीपुढच्या आव्हानांचा धडाही गेला होता. त्यावर तुझा एक शब्द नाही. आमची पुस्तकं बालभारतीची, वेगळी, हे मला ठाऊक आहे. मुद्दा तो नाही.

तर सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. आठवीच्या पोरांना मागं सतरंजीवर बसवणार आहे. सरपंचांना विचारलंय, ते "बसू द्या की" म्हणाले, पण जरा घाबरलेत. तू ये. लायगोवर भाषण नको, त्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर दे. हुरडा आहे, दही आहे, तीळ-जवसाची चटणी आई करून ठेवणार आहे.

हो, अन् परवा किल्ली मागून घेतली. पोरांनी पहिल्याच दिवशी एक चंचुपात्र फोडलं. निर्लेखनाच्या, म्हणजे फुटलेली वस्तू रजिस्टरातून कमी करायच्या, कागदावर कारण लिहिलं, "प्रयोग करताना फुटले." मुख्याध्यापक दोन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरायलेत, सही अजून केलेली नाही.

तुझा,
दिग्या