सापळ्याचा घसा

प्रिय दिन्या,

चार महिने तुला पत्र नाही. तब्येत ठीक आहे, गुडघा अधूनमधून दुखतो, एवढंच. आज लिहितोय, कारण काल माझ्या सापळ्यात कासव मेलं.

घरात सांगितलं असतं तर "खेकडे किती मिळाले?" एवढंच विचारलं असतं.

तीन आठवडे विणत होतो रे. पक्का बांबू, भिजवलेला, गाभा तासून फक्त पाठीकडच्या कामट्या ठेवल्या. आबांची परीक्षा आठवते ना, बोटाला गुंडाळली तरी मोडता कामा नये. सगळ्यात जास्त वेळ गेला घशाला, म्हणजे तोंडातून आत निमुळत्या होत जाणाऱ्या कामट्यांना. याच घशावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो! तू म्हणायचास टोकं बांधून टाकू, मी म्हणायचो मोकळी सोडू. तुझ्या बांधलेल्या घशातून वाम आत गेली, आमिष खाल्लं आणि आली तशी निघून गेली, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार. मोकळ्या कामट्या शिरणाऱ्याला वाकून वाट देतात, त्याच्यामागे पुन्हा जुळतात, आणि परत फिरणाऱ्याच्या तोंडावर टोकं येतात.

यंदाचा घसा इतका नेटका जमला होता! तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगाला ठेवलं. आमिषाचा वास खाली वाहतो, खेकडा त्याचा माग काढत वर येतो. सगळं शिकवल्यासारखं केलं. फक्त सापळा डोहात पूर्ण बुडवला. आबा सापळ्याची शेपूट, म्हणजे मागचं टोक, नेहमी दगडावर टेकवून पाण्याबाहेर ठेवायचे. मला वाटायचं, सकाळी सापळा सापडावा म्हणून. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं, आणि कोमट पाण्यात त्याचा दम लवकर संपतो.

उचलला तेव्हा ते शेपटीकडे तोंड करून होतं. तिथल्या दोन कामट्यांवर नखांचे पांढरे ओरखडे, एकाच जागी, एकावर एक. शेजारी दोन खेकडे जिवंत, त्यातल्या मादीच्या पोटाखाली पिल्लं चिकटलेली. दोन्ही सोडून दिले.

रात्रभर ऑस्ट्रेलियातलं ते बुज बिम आठवत होतं. तूच वाचून दाखवलं होतंस, २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं तेव्हा. गुंडिटजमारा या तिथल्या मूळ रहिवाशांचे वाम पकडायचे ६,६०० वर्षांचे पाट ऐकून मी नुसता वयाने थक्क झालो होतो. पण तिथे माणूस विणलेल्या टोपलीच्या मागे स्वतः उभा राहायचा, येईल ती वाम हाताने धरायचा. मी सापळा टाकला आणि घरी जाऊन झोपलो.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा ताप उतरला का? वहिनींना नमस्कार सांग.

सापळा मोडलेला नाही. शेपूट उसवून हातभर वाढवतोय, म्हणजे ती पाण्यावर राहील. तोंडात आडव्या कामट्या घालून खेकड्यापुरतीच फट ठेवायची म्हणतो, पण मग वाम शिरेल का? आबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच आहेस. ये, नाहीतर निदान चित्र काढून पाठव. तोवर तो वळचणीला टांगलेला आहे.

तुझा,
भाऊ