जावयाचे आठ वार

एडिंबरा

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

"दादाच्या लग्नात जावई स्कर्ट घालून येणार का गं?" असं आईने फोनवर विचारलं तेव्हा मागे तुम्ही हसलात, ते मला ऐकू आलं. मग मी त्या स्कर्टची, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांच्या निऱ्यांच्या किल्टची, किंमत सांगितली आणि हसू थांबलं, तेही ऐकू आलं. साडेसहाशे पौंड, म्हणजे सत्तर हजारांच्या घरात. एवढ्यात दादाची शेरवानी, तुमचा सूट आणि मांडवाचा इसार होईल हे आईचं म्हणणं खरं आहे. पण तुम्ही उभं आयुष्य शिलाई मशीनवर काढलंत, म्हणून तुम्हाला तरी नीट सांगते.

इथे रॉयल माइल नावाच्या रस्त्यावर पर्यटकांच्या दुकानांत पन्नास पौंडांच्या आतही किल्ट मिळतो. अॅक्रिलिकचा. लांबून बरा दिसतो, पण बसून उठलं की मागे पापड झालेला असतो. तुमचा जावई तो घालायला तयार नव्हता आणि त्याला मी दोष देत नाही. आमचा किल्ट लोकरीचा आहे, 16 औंसाचा. म्हणजे डबल पन्ह्याच्या (दुप्पट रुंदीच्या) एका वाराचं वजन 16 औंस, साधारण साडेचारशे ग्रॅम. शिवून झाल्यावर अख्खी वस्तू जवळजवळ दोन किलो भरते. 10-11 औंसाचं हलकं कापड मिळतं, 13 औंसाचं मधलं मिळतं आणि पलटणींचं त्याहूनही जाड असतं.

मे महिन्यातलं लग्न म्हणून मीच 13 औंसाचं घेऊ या म्हणत होते. शिवणाऱ्या बाईंनी वाद घातला नाही. दोन्ही कापडांचे शिवलेले तुकडे टेबलाच्या कडेवरून सोडले, मुठीत दाबले आणि परत सोडले. 16 औंसाच्या निऱ्या आपल्या वजनाने सरळ झाल्या, 13 वाल्यांना हाताने नीट करावं लागलं. मग मीही गप्प बसले. हा माणूस किल्ट पुढची तीस वर्षं इथल्या थंडीत आणि वाऱ्यात घालणार. साताऱ्यातल्या एका संध्याकाळसाठी कापड हलकं कशाला घ्यायचं?

कापडाला आठ वार लागतात. आजीला सांगा, तिच्या लुगड्यापेक्षा एकच वार कमी. फरक इतकाच की तिच्या निऱ्या रोज नव्याने होतात, याच्या एकदाच आणि कायमच्या. प्रत्यक्षात डबल पन्ह्याचं चार वार कापड आणतात, ते लांबीत मधोमध कापतात आणि दोन पट्टे जोडतात. खालच्या कडेला तुरपाई अजिबात नाही! कापडाचा विणलेला काठच खाली येतो. त्यामुळे खालची कड जाड होत नाही आणि चालताना निऱ्या मोकळ्या हलतात. यासाठी गिरणीत काठ मुद्दाम स्वच्छ विणून घेतात. आमचं कापड सेल्कर्क गावच्या गिरणीतलं आहे.

आता हिशेब बघा. चौकडीचा नमुना साधारण सहा-सात इंचांनी पुन्हा येतो. प्रत्येक निरी असा एक आख्खा नमुना गिळते आणि बाहेर दाखवते पाऊण इंच. जावयाच्या मागच्या भागाचं सीटचं माप 20 इंच, निऱ्या 27. म्हणजे सीटवर एक निरी पाऊण इंचाला जरा कमी, आणि कमरेपर्यंत जाताना तीच अर्ध्या इंचाच्या थोडी वर. सत्तावीसच्या सत्तावीस निऱ्या अशा निमुळत्या करायच्या, हाताने, बारीक टाक्यांनी, आणि चौकडीची आडवी रेघ कुठे तुटता कामा नये. सीटपर्यंत शिवायच्या, खाली मोकळ्या सोडायच्या. आतून कमरेला जास्तीचं कापड कापून काढतात, नाहीतर पाठीवर उशी बांधल्यासारखं होईल. मग कॅनव्हास आणि वर अस्तर.

निऱ्या दोन तऱ्हांनी घालतात. एकीत मागेही चौकडी जशीच्या तशी जुळते, दुसरीत प्रत्येक निरीच्या मध्यावर एकच ठरावीक उभी रेघ येते. दुसरी फौजी पद्धत. आम्ही पहिली घेतली. मला फौजी जास्त आवडली होती, चालताना मधले रंग उघडझाप करतात, पण घालणार तो.

माप घेताना तुमचाच टेप वापरला. पँटची कंबर इथे चालत नाही, किल्ट बेंबीच्या उंचीला बसतो. लांबी तिथून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. स्वतःचं माप स्वतः घेऊ देत नाहीत, कारण खाली वाकलं की माप बदलतं. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. उजव्या बाजूला दोन पट्टे-बकल, डावीकडे एक, आणि डावीकडचा पट्टा कापडातल्या चिरेतून बाहेर काढलेला असतो. तिथली काजं बघाच. पदराच्या खालच्या कोपऱ्यात मोठी पिन लावतात, पण ती फक्त वरच्या पदराला. दोन्ही पदरांतून घातली तर पुढचं कापड ओढलं जातं आणि फाटतं. मुंबईच्या काकांना सांगून ठेवा, ते मदत करायला धावतील.

रंग म्हणाल तर ब्लॅक वॉच नावाचा टार्टन, म्हणजे चौकडीचा ठरावीक नमुना: गडद हिरवा, निळा, काळा. तो कुणीही घालावा, अमुक घराण्याचंच असलं पाहिजे असं नाही, आणि सगळ्या वजनांत तयार मिळतो. कमी खपाचा टार्टन 16 औंसात हवा असेल तर वेगळा विणून घ्यावा लागतो आणि तिथे पैसे खरे वाढतात. जावयाच्या आईचं माहेर मॅकेन्झी, म्हणून त्याच्या मनात तो टार्टन होता, ब्लॅक वॉचवरच लाल-पांढऱ्या रेघा. तो 78व्या हायलँडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातल्या) पलटणीचा. ही पलटण 1803 मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर शिंदे-भोसल्यांविरुद्ध उभी होती. मी म्हटलं, साताऱ्याच्या मांडवात हा नको. तो हसला, पण ऐकलं त्याने.

आणि वेशांतर म्हणून हसू नका. 1746 ला हायलँडचे बंडखोर कलोडनची लढाई हरल्यावर इंग्रज सरकारने स्कॉटलंडच्या पुरुषांना हा हायलँडचा पोशाख घालायची बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार. फौजेत असाल तरच सूट. कायदा उठला 1782 ला. पुढे 1822 मध्ये खुद्द राजा चौथा जॉर्ज इथे किल्ट घालून मिरवला, त्याचं मला अजून हसू येतं.

आता कामाचं. सकाळच्या मुहूर्ताला तो धोतर-कुर्ताच घालेल, किल्ट संध्याकाळच्या रिसेप्शनला. गच्चीवर उकडेल, तेव्हा त्याच्या खुर्चीजवळ पंखा ठेवायला दादाला सांगा. बॅगेत भरताना मी निऱ्यांना कच्चा धावदोरा घालून गुंडाळी करणार आहे. आल्यावर दोरा मी काढीन, आईने धुवायला टाकू नये. कपाटात क्लिपवर टांगायला जागा करा. लोकरीला कसर लागते, तेव्हा खाली वेखंड ठेवलंत तर उत्तम. इस्त्री लागलीच तर ओलं सुती फडकं घालून तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.

तुम्ही तो उलटून आतली शिलाई बघणार हे मला माहीत आहे. खुशाल बघा, फक्त रिसेप्शनच्या आधी, तो हँगरवर असताना.

आजीला नमस्कार, दादाला आशीर्वाद म्हणायचा अधिकार नाही म्हणून नुसती आठवण.

तुमची,
सोनी