गंगेवरच्या (नाशिकच्या गोदाकाठच्या) बाजाराबद्दल, आजींना

आजी, सप्रेम नमस्कार.

हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोर बसून आभार मानले असते तर 'पुरे गं' म्हणत तुम्ही चहा टाकायला उठला असतात.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला घरही नकोसं झालं होतं आणि बाहेरही. येणारा-जाणारा 'पॉझिटिव्ह राहा' सांगून जायचा. तुम्ही बुधवारी सकाळी दार वाजवलंत नि म्हणालात, "गंगेवर बाजाराला चाललेय, पिशवी धरायला कुणीतरी हवंय." लंगडणाऱ्या बाईला हे सांगता! आणि पिशवी अख्ख्या बाजारभर तुम्हीच धरलीत.

तुमच्याबरोबर बाजार लवकर उरकणं शक्यच नव्हतं. द्राक्षवाल्याकडून तुम्ही घडाच्या शेंड्याचा मणी मागून घ्यायचात. देठाकडचे मणी आधी गोड होतात, शेंड्याचा सगळ्यांत शेवटी. तोच गोड लागला की घड बिनधास्त घ्यायचा. मण्यांवरचा पांढुरका थर मी औषध समजून पुसायला गेले, तर तुम्ही हात धरलात. तो द्राक्षाचा स्वतःचा मेणाचा थर. शाबूत असला म्हणजे माल फार हाताळलेला नाही. (घरी नेऊन धुवायची सक्ती मात्र होतीच.) आता लांबट मणी दिसला की 'सोनाका जातीची का हो?' असं मीच आधी विचारते.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळे क्युसेकचे आकडे सांगतात. तुम्हाला एवढंच हवं असायचं, की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला. आपण लांबूनच बघून यायचो. "त्याचा गुडघा पाण्यात आहे, तुझा नुसता दुखतोय," हे तुमचं वाक्य मी घरात सगळ्यांना ऐकवलंय. येताना तांबट लेनमध्ये उगाचच थांबायचं, घ्यायचं काहीच नाही.

दुखणं गेलं ते डॉक्टरांमुळे आणि व्यायामामुळे, ते श्रेय तुम्हाला देणार नाही. पण सकाळी उठून आज काय दिसतंय ते बघायला जायची हाव तुम्ही लावलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

तुम्ही लेकीकडे पुण्याला गेल्यापासून मी एकटीच जाते. कोथिंबीरवाल्या मावशी तुमची चौकशी करतात, पण जुडी काही तुमच्या भावानं देत नाहीत. द्राक्षं संपायच्या आत चार दिवस तरी या. घासाघीस मला अजून जमत नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची