ताई, त्या ‘एग्झिट कोड २’च्या संध्याकाळबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी आठवी माळ होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं ऑफिस सहालाच रिकामं झालं, सगळ्यांना गरब्याला जायचं होतं. मी मात्र एकाच ओळीपाशी अडकलो होतो. डेटाबेसचा नवा पासवर्ड गुप्त फाइलमध्ये घालून ‘गिट सीक्रेट हाइड’ ही, ठरावीक लोकांनाच उघडता येईल असं फाइलला कुलूप घालणारी आज्ञा चालवली की उत्तर यायचं: ‘प्रॉब्लेम एन्क्रिप्टिंग फाइल विथ जीपीजी: एग्झिट कोड २’. फाइल कुलूपबंद करताना काहीतरी चुकलं, एवढंच; नक्की काय बिघडलंय, याचा पत्ता नाही. त्यात ‘फाइल’ हा शब्द दिसला, म्हणून दोन तास मी फाइलच तपासत बसलो. परवानग्या, नाव, डिस्कवरची जागा, सगळं.

शेवटी ती फाइल कुलूप न घालता उघडीच कमिट करायला, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्याच्या (रेपोच्या) इतिहासात नोंदवायला निघालो होतो. उद्या काढून टाकू, असं ठरवून. तेवढ्यात तुम्ही आरतीचा प्रसाद घेऊन वर आलात आणि स्क्रीन बघून म्हणालात, “थांब. उद्या काढलीस तरी आजच्या कमिटमध्ये ती राहणारच, आणि तोवर कोणी कोणी पुल करून उतरवून घेतली असेल ते कसं कळणार?”

ताई, पहिले आभार त्या ‘थांब’चे.

मग खुर्ची ओढून तुम्ही शेजारी बसलात. हा संदेश गिट सीक्रेटचा आहे, पण खरी तक्रार प्रत्यक्ष कुलूप घालणाऱ्या आतल्या जीपीजी या प्रोग्रॅमची आहे आणि ती आपल्यापर्यंत पोचतच नाहीये, हे सांगितलंत. तीच आज्ञा व्हर्बोज, म्हणजे सविस्तर बोलणारी, करून चालवायला लावलीत, तेव्हा दिसलं: ‘अनयुजेबल पब्लिक की’. कोणाची तरी पब्लिक की, म्हणजे त्याच्यासाठी कुलूप घालायची किल्ली, निरुपयोगी, पण का? तेही गुलदस्त्यातच. फाइल कोणाकोणाला उघडता येते ते सांगणाऱ्या ‘हू नोज’ या आज्ञेला लांब यादीचा पर्याय जोडला, तेव्हा प्रत्येकाच्या किल्लीची मुदत समोर आली. चौघांपैकी एकाची चार दिवसांपूर्वी संपलेली. फाइल चौघांसाठी मिळून बंद होते, त्यामुळे त्या एकामुळे सगळंच अडलं होतं.

त्या सहकाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “मी तर मागच्याच आठवड्यात मुदत वाढवली!” इथे मी पुन्हा गोंधळलो असतो. तुम्ही शांतपणे समजावलंत की त्याने वाढवली ती त्याच्या लॅपटॉपवर. रेपोमध्ये गिट सीक्रेटचं स्वतःचं कीरिंग, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, असतं आणि त्यात जुनीच प्रत पडून आहे. त्याच्याकडून पब्लिक की नव्याने मागवली, माझ्याकडे इम्पोर्ट केली, रेपोतली जुनी प्रत काढून ‘टेल’ या आज्ञेने नवी घातली. हाइड एका झटक्यात झालं.

या सगळ्यात “एवढंही माहीत नाही?” असं तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत. दोन तास वाया गेल्यावर माणूस किती खचलेला असतो, ते तुम्हाला ठाऊक होतं. मला ते फार लागलं, चांगल्या अर्थाने.

त्यानंतर मी रेपोमध्ये एक छोटी स्क्रिप्ट घातली आहे. हाइडच्या आधी ती सगळ्यांच्या मुदती बघते आणि कोणाची संपली असेल तर नाव आणि तारीख मराठीत सांगते, पुढे काय करायचं तेही. गेल्या आठवड्यात नव्याने आलेल्या मुलीला तो संदेश आला. तिने वाचला, फोन करून नवी की मागवली आणि काम संपवलं. मला विचारायलाही आली नाही.

प्रसादाची वाटी अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देतो, आईने चकल्या भरून ठेवल्यात.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा