भरतीची वेळ फक्त पावसाळ्यातच का?

मा. संपादक महोदय,

संकष्टीला चंद्रोदय किती वाजता आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक कुठून कुठपर्यंत, हे तुमच्या अंकात न चुकता येतं. आमच्या घरी दोन्ही कात्रणं फ्रिजवर लागतात. समुद्राच्या भरतीची वेळ मात्र तुम्ही पावसाळ्यातच देता, तीही घाबरवण्यापुरती. ती वर्षभर, निदान शुक्रवारच्या अंकात, द्यावी म्हणून हे पत्र.

परवाच्या शनिवार-रविवारी आमच्या चेंबूरच्या इमारतीतली लहानमोठी मंडळी पक्षी बघायला निघाली. रविवारी हार्बर लाईनला ब्लॉक, म्हणून शनिवारी शिवडीची खाडी आणि रविवारी बोरिवलीचं जंगल. शनिवारी नेमकी संकष्टी होती. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची साधारण वेळ निघते, हे माझ्या आजोबांनी शिकवलेलं गणित. चतुर्थी, म्हणजे चारची पाऊणपट, तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणून आम्ही साडेबाराला जेट्टीवर पोचायचं ठरवलं. 'भर उन्हात कोण पक्षी बघायला जातं?' असं सूनबाई म्हणालीच.

शिवडी स्टेशनवर डोंबिवलीहून आलेलं एक कुटुंब परत निघालेलं भेटलं. सकाळी नऊला आले होते, सगळीकडे असतं तसं इथेही पहाटेच जायचं या समजुतीने. तेव्हा पूर्ण ओहोटी. पाणी मैलभर आत आणि फ्लेमिंगो म्हणजे क्षितिजावर गुलाबी रेघ. त्यांची मुलगी दुर्बीण गळ्यात अडकवून रडवेली झाली होती. त्यांना मागे फिरवलं.

पाणी चढू लागलं तसे पक्षी त्याच्यापुढे चालत चालत आमच्याकडे सरकले. आधी लांब पायांचे शेकाटे, मग वाकड्या चोचीचे कुरल, मग चिखलावर तुरुतुरु पळणारे चिखले, आणि शेवटी फ्लेमिंगो. चोच उलटी धरून ते पाणी गाळत होते. मोठा फ्लेमिंगो कोणता नि छोटा कोणता, हे मुलांना चोचीवरून ओळखता आलं, इतके ते जवळ होते. मोठ्याची चोच गुलाबी, टोकाला काळी. छोट्याची गडद, लालसर काळी. दोन वाजून गेल्यावर चिखल बुडत आला आणि थवे उठून गेले. म्हणजे सगळा खेळ जेमतेम दीड तासाचा. शिवडीहून निघणारा अटल सेतू समोरच आहे, त्यावरच्या गाड्यांकडे मुलांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

जंगलाला पंचांग लागत नाही. पहाटेच्या लोकलने बोरिवली गाठली, कान्हेरीच्या रस्त्याला लागलो आणि उन्हं तापायच्या आत हळद्या, तांबट, टकाचोर असं बरंच काही पदरात पडलं. तुरेवाल्या सर्पगरुडाची शीळ ऐकली, तो काही दिसला नाही. तिथे लागते ती सूर्योदयाची वेळ, आणि ती तुम्ही रोज देताच. अडतं ते खाडीवर.

ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. ऐरोलीहून निघणाऱ्या बोटीही भरती बघूनच सुटतात. हाजीअलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते. गळ टाकून बसणारे, वाळूवर क्रिकेट खेळणारे, गिरगावात समुद्रजीव दाखवायला मुलांना नेणारे, या सगळ्यांना तीच वेळ हवी असते. तिथीचं गणित अर्ध्या-पाऊण तासाने चुकतं, आणि आताच्या मुलांना आजची तिथी विचारली तर ती आधी मोबाईल शोधतात. भारतीय सर्वेक्षण विभाग मुंबईतल्या अपोलो बंदरची भरती-ओहोटीची कोष्टकं वर्षभर आधी प्रसिद्ध करतो, त्यामुळे कुणाला फोन करण्याचीही गरज नाही. मेगाब्लॉकच्या चौकटीखाली दोन ओळी पुरतील: भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता आणि पाण्याची उंची किती.

उंचीवरून एक आठवलं. पावसाळ्यात 'आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असा मथळा असतो. साडेचार मीटर ही भरतीच्या पाण्याची पातळी असते, लाटेची उंची नव्हे. लाट वाऱ्यावर ठरते. ती चौकट सुरू कराल तेव्हा तेवढी दुरुस्तीही करून घ्यावी.

आपली एक वाचक,
चेंबूर, मुंबई