पॅच बसवण्याआधी मशीन कुठे फिरणार, ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत ‘विनाशस्त्रक्रिया, एका तासात दाट केस’ अशा आशयाच्या जाहिराती गेले काही महिने सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. मी स्वतः चार वर्षांपासून हेअर पॅच, म्हणजे पातळ बेसवर केस बसवलेला, टक्कल झाकणारा तुकडा, वापरतो आणि पुढेही वापरणार आहे, त्यामुळे हे पत्र पॅचच्या विरोधात आहे असा कृपया समज करून घेऊ नये. माझी तक्रार एका नेमक्या गोष्टीबद्दल आहे. ज्याचे केस गेलेले नाहीत, फक्त कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांची रेषा मागे सरकली आहे, अशा विशी-पंचविशीतल्या मुलाला पॅच बसवायचा तर त्याचे पुढचे उरलेसुरले केस आधी काढावे लागतात, आणि ही गोष्ट त्याला बहुतेक वेळा खुर्चीत बसल्यावरच समजते.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. तो तेवीस वर्षांचा आहे, घणसोलीला राहतो, ऐरोलीतल्या एका कंपनीत नुकताच कामाला लागला आहे आणि घरात त्याच्यासाठी स्थळे पाहण्याची भाषा सुरू झाली आहे. दुकानदाराने त्याच्या कपाळावर पांढऱ्या पेन्सिलीने नवी रेषा आखली, दोन हजार रुपये आगाऊ घेतले, ‘दोन वर्षांत सगळे जाणारच आहेत’ असे सांगितले आणि ट्रिमर सुरू केला. मुलाने तेवढ्यात विचारले म्हणून त्याला उत्तर मिळाले की चिकटवायला जागा गुळगुळीत लागते. त्याने गळ्याभोवतीचे कापड तसेच ठेवून मला फोन केला, ‘मामा, पुढचे सगळे काढावे लागतील म्हणतात. काढू का?’ मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून पोहोचेपर्यंत तो दुकानाबाहेर येऊन उभा होता आणि कपाळावरची पांढरी रेषा त्याने रुमालाने अर्धवट पुसली होती.

वाचकांच्या माहितीसाठी यामागची कारणे सांगतो. टाळूवर गोल टक्कल असेल तर कडेच्या केसांना क्लिप लावून पॅच बसवता येतो आणि रात्री काढूनही ठेवता येतो, जरी रोज त्याच केसांवर क्लिपचा ताण पडला तर तेही विरळ होतात. कपाळाच्या पुढच्या रेषेला मात्र क्लिप अडकवायला पुढे काहीच नसते. तिथे पॅचचा बेस थेट त्वचेवर टेपने किंवा ग्लूने चिकटवावा लागतो, खालचे केस मशीनने काढावे लागतात आणि दर सर्व्हिसिंगला, म्हणजे पॅच सोडवून, साफ करून पुन्हा चिकटवताना, ते पुन्हा काढावे लागतात. मशीन फिरवल्याने केसांचे मूळ मरत नाही, हे खरे आहे. पण नुकत्याच मागे सरकू लागलेल्या केसांवर डॉक्टर जे मिनॉक्सिडिल लावायला देतात, ते या चिकटवलेल्या बेसखाली नीट लावता येत नाही. शिवाय पॅचच्या मागचे केस आपल्या गतीने जातच राहतात, त्यामुळे पुढच्या वेळी पॅच मोठा घ्यावा लागतो. ज्याला सहा महिन्यांनी मन बदलावेसे वाटेल, त्याला अर्धे डोके खुरटलेले घेऊन दोन-तीन महिने लोकांत वावरावे लागते. हे एवढे आधी समजले तर कितीतरी मुले पॅचचा निर्णय निदान काही वर्षे पुढे ढकलतील.

पुरुषांच्या या केसगळतीमागे बहुतांशी आनुवंशिकता असते. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला काही केसांची मुळे अधिक संवेदनशील असतात आणि ती हळूहळू बारीक होत जातात. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, म्हणून त्याचा हा उपयोग शोधला गेला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलासाठी लावायला मान्य झाले. टकलासाठीच्याच फिनास्टेराइड या दुसऱ्या औषधाची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये आली. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात, औषध थांबवले की राखलेले केस पुन्हा जाऊ लागतात, आणि फिनास्टेराइडचे लैंगिक स्वरूपाचे दुष्परिणाम काही जणांना होतात, म्हणून ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अनेक मुलांची रेषा विशीच्या आसपास बोटभर मागे जाते आणि तिथेच थांबते, हेही त्वचारोगतज्ज्ञ पाहून सांगू शकतात. भाच्याला मी प्रथम तिकडेच नेले. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारखी पालिकेची सोय आपल्याकडे असताना मुलाचे कपाळ पाहून त्याचे भवितव्य दुकानदाराने ठरवावे, हे मला अजिबात पटत नाही.

आता माझ्याबद्दल. चौतिसाव्या वर्षी मी पहिला पॅच बसवला तेव्हा माझीही रेषा बरीच मागे गेलेली होती आणि औषधाचा काळ उलटला होता. दुकानात मला ‘बारा हजारांत काम होऊन जाईल’ असे सांगितले गेले. बेस अगदी पातळ ‘स्किन’चा, म्हणजे त्वचेसारख्या पारदर्शक पापुद्र्याचा होता. तो त्वचेत मिसळून जातो, दिसायला उत्तम दिसतो, पण घाम बाहेर जाऊ देत नाही. पहिल्याच जूनमध्ये, पाऊस सुरू होऊन हवा चिकट झाली तसा पुढच्या कडेचा ग्लू पांढरा पडू लागला. आरशात जवळून पाहिले की केसांच्या मुळाशी साबणाचा फेस वाळल्यासारखी एक बारीक रेघ दिसायची. दुचाकीवरून हेल्मेट काढताना ती कड नखभर उचलली जायची आणि मी कार्यालयात शिरण्याआधी जिन्यात थांबून ती बोटाने दाबून धरायचो. दर पंधरा दिवसांनी सर्व्हिसिंगला जावे लागे. रिमूव्हर टाकून पॅच सोडवला की खालची त्वचा ओल्या फडक्याखाली राहिल्यासारखी फिकी झालेली असायची आणि कपाळाच्या डाव्या कोपऱ्यावर पुरळ उठलेले असायचे. कानामागे थोडा ग्लू लावून एक-दोन दिवस थांबण्याची साधी चाचणी आधी केली असती तर ते पुरळ टळले असते; मला ती कोणी सुचवली नाही. वर्षाअखेरीस मी वही काढून हिशेब केला. चार-चार महिन्यांत विरलेले तीन पॅच म्हणजे ३६,००० रुपये आणि आठशे रुपयांच्या चोवीस सर्व्हिसिंग म्हणजे १९,२०० रुपये, असे बारा हजारांचे काम वर्षात ५५,२०० रुपयांवर गेले होते.

त्या वर्षाच्या शेवटी माझे वडील वारले. आमच्याकडे दशक्रिया नाशिकला, रामकुंडावर करतात आणि दहाव्याला क्षौर करावे लागते. पॅचचा विचार त्या दहा दिवसांत माझ्या मनात एकदाही आला नव्हता. घाटावर पाटावर बसलो आणि वस्तरा घेऊन नाभिक समोर आले तेव्हा आला. पॅच पक्का चिकटलेला होता. रिमूव्हर ठाण्याला राहिला होता. माझे थोरले काका शेजारी उभे होते, त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, ‘थांबा जरा. त्याला थोडा वेळ लागेल.’ पत्नीने पिशवीतून खोबरेल तेल काढून दिले. टॉवेलखाली कडेने तेल सोडत, बोटांनी इंच-इंच सोडवत मला पॅच काढायला पाऊण तास लागला असेल. तेवढा वेळ आमचे सगळे भाऊबंद माझ्यासाठी पाण्याच्या काठावर थांबले होते आणि एकानेही मान वळवून पाहिले नाही.

क्षौर झाल्यानंतर पॅच लगेच बसवता येत नाही, कारण कडेचे स्वतःचे केस पुरेसे वाढल्याशिवाय तो त्यांत मिसळत नाही. म्हणजे मला अडीच महिने उघड्या डोक्याने वावरणे भाग होते. त्या अडीच महिन्यांत मी कार्यालयात गेलो, लग्नांना गेलो, तलावपाळीला मुलीला घेऊन फिरलो. कोणाचे काहीही अडले नाही, माझेही नाही. त्यानंतर मी पुन्हा पॅच बसवला, आणि माझ्या मते माझा खरा निर्णय तो होता. पहिल्या वेळी मी घाबरून बसवला होता. दुसऱ्या वेळी मला माझा चेहरा त्यासह अधिक आवडतो म्हणून बसवला. केसांविना आपण कसे दिसतो आणि लोक आपल्याशी कसे वागतात, हे एकदा पुरते पाहून घेतल्यावर माणसाला हा निर्णय निवांतपणे घेता येतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी पॅचचे पैसे भरण्याआधी दोन महिने केस अगदी बारीक कापून राहून पाहावे, असे मी भाच्यालाही सांगितले आहे.

या वेळी मी बेस मोनोचा, म्हणजे बारीक, टिकाऊ जाळीचा, आणि पुढे लेसची, म्हणजे त्याहून तलम जाळीची पट्टी असा घेतला. लेसमधून हवा खेळते, घाम निघून जातो. ती नाजूक असते आणि गाठींतून केस गळतात, हे मान्य करून घेतला. डेन्सिटी, म्हणजे केसांची दाटी, मुद्दाम कमी ठेवली आणि पुढची रेषा माझ्या वयाला शोभेल अशी, कोपऱ्यांत थोडी मागेच आखून घेतली, कारण चाळिशीकडे झुकलेल्या माणसाच्या कपाळावर शाळकरी मुलाची सरळ, दाट रेषा बसवली की पाहणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाते. सर्व्हिसिंग आता मी रविवारी रात्री घरीच करतो. हे केस कोणाचे तरी खरे केस असतात, हेही हाताळताना जाणवते. तिरुमलेला भाविकांनी नवसाने वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते आणि तिथून ते जगभरच्या विगांत जातात. माझ्या हातातले केस कुठले आहेत हे मला कधीच कळणार नाही, पण ते धुताना मी ते जपूनच धुतो.

लग्नाच्या विचारात असलेल्या मुलांच्या घरच्यांना एक सांगावेसे वाटते. २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मीरा रोडच्या एका विवाहितेने, नवऱ्याने टक्कल लपवून विगवर लग्न केले म्हणून पोलिसांत तक्रार केली होती आणि ती बातमी देशभर गाजली. माझ्या पत्नीला मी पहिला पॅच बसवण्याआधीपासून सगळे ठाऊक होते, त्यामुळे मी याबाबत कसोटीला उतरलो असे म्हणणार नाही. तरीही मुलगी पाहायला जाण्याआधी ‘मुलगा पॅच वापरतो’ हे एक वाक्य मध्यस्थांमार्फत सांगितलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. भाच्याची आई, म्हणजे माझी बहीण, याला अजून तयार नाही. तिला पॅचही हवा आहे आणि तो कोणाला कळायलाही नको आहे. आमचे त्यावरून बोलणे झाले आहे आणि पुन्हाही होईल.

आता जाहिरातींबद्दल. टक्कल बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, असे औषध नियम १९४५ च्या अनुसूची ‘जे’ मध्ये नमूद आहे. केशरोपण नोंदणीकृत व प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले. पॅच औषधही नाही आणि शस्त्रक्रियाही नाही, त्यामुळे या दोन्ही कुंपणांच्या बाहेर राहतो. ग्राहक म्हणून मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूने आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात कोणतेही शुल्क न भरता करता येते, आणि १९१५ हा ग्राहकांसाठीचा मदत क्रमांक आहे. पॅचच्या दुकानातून पक्की पावती आणि बेसचा प्रकार लिहून घेतल्याशिवाय यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही, कारण तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही.

आपल्याकडे माझी विनंती इतकीच आहे की अशा जाहिराती स्वीकारताना तीन गोष्टी ठळक अक्षरांत छापण्याची अट घालावी: पुढचे केस काढावे लागतील का, पॅच साधारण किती महिने टिकतो आणि सर्व्हिसिंगसह वर्षाचा खर्च किती येतो. जे दुकानदार आपले काम चोख करतात, आणि असे कित्येक जण ठाण्यात आहेत, त्यांची या अटीला हरकत असण्याचे कारण नाही. माझा दुसरा पॅच ज्यांनी बसवला त्यांनी हे तिन्ही मला न विचारता सांगितले होते.

भाच्याने तूर्त डॉक्टरांचे औषध सुरू केले आहे आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचार करायचे ठरवले आहे. त्याचे आगाऊ दोन हजार रुपये अद्याप परत मिळालेले नाहीत, त्यासाठी आम्ही लेखी मागणी केली आहे. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)